मैदानावरील निष्ठा आणि शीलाची कसोटी

क्रीडांगणावर शील घडतें, हें वचन शाळा-कॉलेजांच्या वार्षिक समारंभांतून नेहमीं ऐकावयास मिळतें. पारितोषिकें वांटावयास आलेले पाहुणे तें उच्चारतात, श्रोते टाळ्या वाजवितात, आणि दुसऱ्या दिवशीं जो तो आपापल्या कामास लागतो. वचन खोटें नाहीं. परंतु तें जितक्या सहजतेनें उच्चारलें जातें, तितक्या सहजतेनें खरें ठरत नाहीं. जगांतील एका देशानें या वचनाची परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर, आणि प्रसंगीं तरुणांच्या प्राणांचें मोल देऊन, केली आहे. तो देश म्हणजे अमेरिका. आणि परीक्षेचें साधन म्हणजे तेथील कॉलेजांचा फुटबॉल.

अमेरिकेंत शरदाचे दिवस आले कीं शनिवारीं कॉलेजांच्या गांवांना जत्रेचें रूप येतें. मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर या गांवाची वस्ती सव्वा लाखाच्या आंतबाहेर आहे. आणि तेथील विद्यापीठाचें १९२७ सालीं बांधलेलें स्टेडियम आज १,०७,६०१ प्रेक्षकांना सामावून घेतें. म्हणजे सबंध गांव उठून आलें, तरी बहुतेकांना बसावयास जागा मिळावी! या प्रेक्षकांत विद्यार्थी व माजी विद्यार्थी असतातच. परंतु ज्यांनीं त्या विद्यापीठाचा एकहि वर्ग आंतून पाहिला नाहीं, असे शेतकरी, कारागीर आणि दुकानदारहि असतात. आपल्याकडे एखाद्या घराण्यांत पंढरीची वारी चालत यावी, तशी त्यांच्या घरांत एका संघाची निष्ठा पिढ्यान् पिढ्या चालत येते. ही निष्ठा आली कोठून, आणि तिच्यांत शीलाचा अंश किती व नुसत्या उन्मादाचा किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अमेरिकेंतील दोन कॉलेजांमधला पहिला सामना फुटबॉलचा नव्हता. ती नौकांची शर्यत होती. १८५२ सालच्या ऑगस्टच्या ३ तारखेस न्यू हॅम्पशायर राज्यांतील विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल या कॉलेजांचे विद्यार्थी एकमेकांविरुद्ध वल्ही मारावयास उतरले, आणि हार्वर्डनें बाजी मारली. विशेष हें कीं, या सहलीचा खर्च एका रेल्वे कंपनीनें केला होता. आपल्या मार्गावर उतारू वाढावेत हा तिचा हेतु. शिक्षण आणि खेळ यांच्या शेजारीं व्यापार हा असा पहिल्याच दिवशीं नौकेंत येऊन बसला, आणि पुढें तो कधीं उतरला नाहीं.

रंगांची कथाहि नौकांपासूनच सुरू होते. १८५८ सालीं एका शर्यतींत आपले गडी लांबून ओळखूं यावेत, म्हणून हार्वर्डच्या नौकेवरील चार्ल्स इलियट या तरुणानें आपल्या एका सोबत्यासह किरमिजी रंगाचे रुमाल विकत आणून सर्वांना वांटले. कांठावर उभ्या असलेल्या लोकांसाठीं केलेली ही साधी सोय! परंतु तोच रंग पुढें हार्वर्डचा रंग झाला. हेच इलियट १८६९ पासून १९०९ पर्यंत चाळीस वर्षें हार्वर्डचे अध्यक्ष होते; आणि रुमाल वांटणारा हा गृहस्थच पुढें कॉलेजांतील फुटबॉलचा सर्वांत कठोर टीकाकार ठरला. तो कां, हें पुढील हकीकतीवरून कळेल.

६ नोव्हेंबर १८६९ या दिवशीं न्यू जर्सी राज्यांतील न्यू ब्रन्सविक येथें रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला, तो तेथील फुटबॉलच्या इतिहासांतील पहिला समजतात. एकेका बाजूस पंचवीस पंचवीस गडी होते. गणवेष असा नव्हताच. रट्गर्सच्या मुलांनीं लाल रुमाल मुंडाशासारखे डोक्यास गुंडाळले, आणि कोट काढून ठेवून ते मैदानांत उतरले. रट्गर्सनें ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. आठवड्यानें प्रिन्स्टनच्या मैदानावर परतीचा सामना झाला; त्यांत प्रिन्स्टननें ८ विरुद्ध ० अशी परतफेड केली. पाहावयास थोडे लोक जमले होते. तिकीट नव्हतें, बक्षीस नव्हतें. विद्यार्थ्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं मांडलेला तो खेळ होता.

त्या वेळचा खेळ आपल्याकडील पायचेंडूच्या खेळास जवळचा होता. पुढें इंग्लंडांतील रग्बीचे नियम आले, आणि लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवण्याची व धांवणाऱ्यास कवळ घालून पाडण्याची रीत पडली. येलचा खेळाडू वॉल्टर कॅम्प यानें १८८० पासून त्याला निश्चित आकार दिला: बाजूस अकरा गडी, चेंडू ठेवण्याची आंखलेली रेषा, आणि ठराविक प्रयत्नांत ठराविक अंतर पुढें गेलेंच पाहिजे असा दंडक. या खेळानें तरुणांना शिस्त, आज्ञापालन आणि संकटांत स्थिर राहण्याचें बळ मिळतें, असें कॅम्प मोठ्या श्रद्धेनें प्रतिपादीत असे. त्या काळच्या अमेरिकेस हें प्रतिपादन फार रुचलें. यादवी युद्ध संपून गेलें होतें, शहरें वाढत होतीं, आणि सुखवस्तु घरांतील मुलें मऊ पडतील कीं काय, ही धास्ती वडील मंडळींना लागून राहिली होती. त्या धास्तीवर हा खेळ म्हणजे रामबाण औषध वाटूं लागलें.

औषधाची मात्रा मात्र वाढत गेली. १८९० च्या दशकांत न्यू यॉर्क शहरीं येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यास हजारोंनीं गर्दी लोटूं लागली. तिकिटांचा पैसा कॉलेजांच्या हातांत खेळूं लागला. १९०३ सालीं हार्वर्डनें काँक्रीटचें भव्य स्टेडियम उभारलें. १९०५ सालीं तेथें जो तरुण कोच नेमला, त्याचें वेतन विद्यापीठांतील कोणत्याहि प्राध्यापकाच्या वेतनाहून अधिक होतें. विजय मिळालाच पाहिजे, असा हट्ट धरणारे माजी विद्यार्थी ही एक नवीच सत्ता निर्माण झाली. खेळाडूंमध्यें केवळ चेंडूसाठीं नांव घातलेले, अभ्यासाशीं ज्यांचा संबंध नाहीं असे भाडोत्री गडीहि शिरले.

खेळहि दांडगा होत चालला. १८९२ सालीं हार्वर्डनें येलविरुद्ध एक नवी युक्ति काढली. ती सुचविणारा लोरिन डीलंड हा बुद्धिबळाचा शौकीन होता. तो स्वतः कधीं फुटबॉल खेळला नव्हता. सर्व गड्यांनीं दोन बाजूंनीं धांवत येऊन पांचराच्या आकाराचा व्यूह करावयाचा, आणि आपल्या चेंडूवाल्यास मध्यें घेऊन प्रतिपक्षाच्या एकाच माणसावर तुटून पडावयाचें! पटावर प्यादें मेलें तर डबींत पडतें; मैदानावर हातपाय मोडतात. हा व्यूह दोन वर्षांत नियमबाह्य ठरला, परंतु एकमेकांत हात गुंतवून घोळक्यानें चाल करण्याची पद्धति कायम राहिली. डोक्यास संरक्षण जवळजवळ नव्हतेंच. पंचांची नजर चुकवून गुद्दा मारणें, प्रतिपक्षाच्या उत्तम गड्यास प्रारंभींच जायबंदी करणें, हीं कित्येक संघांत कौशल्याचीं लक्षणें समजलीं जाऊं लागलीं.

१९०५ सालच्या हंगामाअखेर ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रानें शाळा, कॉलेजें आणि इतर संघ मिळून मृतांची संख्या १८ आणि गंभीर जखमी झालेल्यांची १५९ दिली. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मर्दानी खेळांचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांचा मुलगा त्याच वर्षीं हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांच्या संघांत खेळत होता, आणि येलविरुद्धच्या सामन्यांत त्याचें नाक मोडलें. त्यापूर्वींच, ऑक्टोबरच्या ९ तारखेस, रूझवेल्टांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें आणि नियमांचा शब्द व भाव दोन्ही पाळण्याचें वचन मागितलें. वचन मिळालें, परंतु मैदानावर फारसें कांहीं पालटलें नाहीं. नोव्हेंबरमध्यें न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळतांना युनियन कॉलेजचा एक तरुण दगावला. तेव्हां न्यू यॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनीं इतर कॉलेजांना परिषदेसाठीं हांक दिली. हार्वर्डचे इलियट हे तर खेळ बंदच करावा या मताचे होते.

कोलंबिया विद्यापीठानें तें प्रत्यक्ष केलें. १९०५ च्या हंगामानंतर तेथें फुटबॉल बंद झाला, तो १९१५ पर्यंत. १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबियांत दाखल झाले, त्या वेळीं त्या नामांकित विद्यापीठाला फुटबॉलचा संघच नव्हता. म्हणून तेथील विद्येस कमीपणा आला नाहीं. तेथें शील घडावयाचेंहि थांबलें नाहीं. खेळाशिवाय शील नाहीं, असें म्हणणाऱ्यांना हें उत्तर पुरेसें आहे.

इतर बहुतेक कॉलेजांनीं मात्र खेळ सोडण्यापेक्षां सुधारण्याचा मार्ग पत्करला. १९०६ सालीं ६२ कॉलेजांची एक संस्था स्थापन झाली. तीच १९१० पासून राष्ट्रीय कॉलेज क्रीडासंघटना या अर्थाच्या नांवानें आजतागायत चालू आहे. नियम बदलले. चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळें घोळक्याच्या चालीचें महत्त्व घटलें. पूर्वीं तीन प्रयत्नांत पांच यार्ड जावें लागे, तेथें दहा यार्डांची अट आली. नुसत्या रेटारेटीनें तेवढें अंतर कापणें कठीण झालें. दोन्ही संघांच्या रांगांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा राखण्यांत आली. अपघात एकदम थांबले नाहींत. १९०९ सालीं पुन्हां ओरड झाली आणि पुन्हां नियम पालटावे लागले. परंतु एक गोष्ट सिद्ध झाली. खेळ आपोआप शील घडवील असें पस्तीस वर्षें सांगितलें जात होतें. प्रत्यक्षांत शीलवान् माणसांना आधीं खेळ घडवावा लागला.

खेळाडूंच्या आणि चालकांच्या शीलाची ही हकीकत झाली. प्रेक्षकांच्या निष्ठेचें काय, हें समजून घेण्यासाठीं आयोवा राज्यांतील एम्स या लहानशा गांवाकडे वळलें पाहिजे.

तेथील आयोवा स्टेट कॉलेजांत १९२२ सालीं जॅक ट्राइस नांवाचा एक तरुण ओहायो राज्यांतून दाखल झाला. शाळेंत ज्यांच्या हाताखालीं तो खेळत असे, ते कोच या कॉलेजांत आले, त्यांच्यामागोमाग तोहि आला. ट्राइस कृष्णवर्णी होता. त्या कॉलेजाच्या खेळांच्या संघांत त्याच्यापूर्वीं एकहि कृष्णवर्णी खेळाडू झाला नव्हता. तो पशुसंवर्धन शिकत होता. शिक्षण संपवून दक्षिणेंतील राज्यांत जावें आणि तेथील आपल्या लोकांना सुधारलेली शेती शिकवावी, असा त्याचा मनोदय होता. त्या काळीं कित्येक कॉलेजें, प्रतिपक्षांत कृष्णवर्णी गडी असेल तर खेळावयासच नकार देत; आणि प्रतिपक्षहि पुष्कळदां मुकाट्यानें आपला गडी बाहेर बसवीत असे.

१९२३ सालच्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस मिनिआपोलिस येथें मिनेसोटा विद्यापीठाशीं सामना होता. आदल्या रात्रीं ट्राइसनें हॉटेलच्या कागदावर स्वतःच्या मनाशींच संवाद करावा तसें एक टिपण लिहिलें. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची प्रतिष्ठा पणास लागली आहे. सर्वजण आपल्याकडून मोठ्या अपेक्षा करीत आहेत, आणि त्या आपण पुऱ्या करूं. उद्यां देह आणि जीव झोंकून देऊन खेळावयाचें. असा त्या टिपणाचा आशय होता. कागद घडी करून त्यानें कोटाच्या खिशांत ठेवला.

सामन्याच्या पूर्वार्धांतच त्याचें गळ्याचें हाड मोडलें. तरी तो मैदानांतून बाहेर आला नाहीं. उत्तरार्धांत प्रतिपक्षाची चाल अडवितांना तो उताणा पडला आणि धांवत्या गड्यांच्या पायांखालीं तुडविला गेला. हें जाणूनबुजून झालें कीं खेळाच्या ओघांत, याचा निर्णय कधींच लागला नाहीं. रुग्णालयांत त्यास तपासलें, प्रवासास योग्य ठरविलें, आणि सोबत्यांनीं त्याला आगगाडींतून एम्सला आणलें. ८ ऑक्टोबर रोजीं अंतर्गत रक्तस्रावानें तो मरण पावला. दुसऱ्या दिवशीं कॉलेजाच्या पटांगणांत हजारों विद्यार्थी आणि अध्यापक त्याच्या शवपेटिकेभोंवतीं जमले. खिशांत सांपडलेलें तें टिपण कॉलेजाचे अध्यक्ष पिअर्सन यांनीं सर्वांस वाचून दाखविलें. विद्यार्थ्यांनीं व इतरांनीं वर्गणी करून बावीसशें डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या कुटुंबासाठीं जमविली. १९२४ नंतर १९८९ पर्यंत त्या दोन विद्यापीठांचा एकमेकांशीं सामना झाला नाहीं.

पुढें मात्र जें सर्वत्र होतें तेंच झालें. व्यायामशाळेंत एक स्मृतिफलक बसविला गेला, त्यावर धूळ बसली, आणि नव्या पिढ्यांना ट्राइस हें नांवहि ठाऊक राहिलें नाहीं. संघ खेळत होता, प्रेक्षक ओरडत होते. निष्ठा होती, परंतु ती केवळ चालू हंगामापुरती होती. १९५७ सालीं तो फलक एका विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडला आणि ती कथा पुन्हां छापून आली. १९७३ सालापासून विद्यार्थ्यांनीं मागणी धरली कीं, नवें स्टेडियम ट्राइसच्या नांवानें ओळखलें जावें. चालक राजी होईनात. विद्यार्थी चार वर्षांत शिकून निघून जात. मागणी मात्र येणाऱ्या तुकडीच्या हातीं सोंपवीत. १९८४ सालीं स्टेडियमचें नांव कायम ठेवून आंतील मैदानास तेवढें ट्राइसचें नांव दिलें गेलें. विद्यार्थ्यांचें तेवढ्यावर समाधान झालें नाहीं. १९८८ सालीं त्यांच्या पुढाकारानें त्याचा पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्यांतला ट्राइस आपलें टिपण वाचीत उभा आहे. अखेर १९९७ सालीं सबंध स्टेडियमला जॅक ट्राइसचें नांव मिळालें. मागणी सुरू झाल्यापासून चोवीस वर्षें लोटलीं होतीं, आणि तिच्यासाठीं झटलेल्यांपैकीं एकानेंहि ट्राइसला खेळतांना पाहिलें नव्हतें.

चाहत्यांच्या निष्ठेचें याहून उन्नत रूप शोधूनहि सांपडणें कठीण. जिंकणाऱ्याच्या मागें धांवणें सोपें असतें. आपल्या संस्थेवर एका माणसाचें ऋण आहे याची आठवण तिच्या चालकांना वर्षानुवर्षें देत राहणें सोपें नसतें.

संघाच्या अंगींहि हें बळ येतें, याचें उदाहरण १९५१ सालचें आहे. त्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघानें नऊ सामने खेळून नऊहि जिंकले. हंगामाअखेर निवडक संघांना निमंत्रणें देऊन जे मोठे सामने भरवितात, त्यांत मानहि असतो आणि पैसाहि. या विद्यापीठाचा फुटबॉल खाता तोट्यांत होता. त्या पैशाची त्याला निकड होती. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णी गडी घरीं ठेवाल तर निमंत्रण मिळूं शकेल, असें सुचविण्यांत आलें. संघानें एकमुखानें नकार दिला. निमंत्रण आलें नाहीं, आणि त्या हंगामानंतर विद्यापीठानें आपला मोठा फुटबॉल बंद केला. मॅटसननें पुढील वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिम्पिक सामन्यांत धांवण्याच्या शर्यतींत दोन पदकें मिळविलीं. टोलर हा १९६५ सालीं अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णी पंच झाला. त्या संघानें कोणतेंहि पारितोषिक आणलें नाहीं, तरी नऊ विजयांपेक्षां त्याचा तो एक नकारच लोकांच्या अधिक स्मरणांत राहिला.

येथें एक शंका उरते. असे प्रसंग विरळा. आणि त्यांच्यासाठीं एवढा पैसा, एवढा कोलाहल विद्यापीठांनीं कां पोसावा? शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनीं १९३९ सालीं हाच प्रश्न विचारून आपल्याकडील फुटबॉल बंद केला. चारच वर्षांपूर्वीं त्याच विद्यापीठाचा जे बरवँगर हा देशांतील सर्वोत्तम कॉलेज-खेळाडू ठरला होता. १९४२ सालच्या डिसेंबरच्या २ तारखेस त्याच ओस पडलेल्या स्टेडियमच्या प्रेक्षक-सज्जाखालीं शास्त्रज्ञांनीं जगांतील पहिली नियंत्रित अणुशृंखलाक्रिया घडवून आणली. १९६९ सालीं तेथें फुटबॉल परत आला, तो लहान प्रमाणावर, विद्यार्थ्यांच्या हौसेपुरता. याउलट अन्यत्र पैशाचा ओघ वाढतच गेला. २०२१ पासून कॉलेजांतील खेळाडूंना आपल्या नांवावर आणि कीर्तीवर उघडपणें पैसा मिळविण्याची मुभा मिळाली. रेल्वे कंपनीनें १८५२ सालीं नौकेंत ठेवलेलें पाऊल किती लांबवर गेलें, हें यावरून दिसतें. गड्यांच्या घामावर इतरांनीं धनवान् व्हावें आणि गड्यानें मात्र केवळ शील घेऊन घरीं जावें, हा पूर्वींचा न्याय कांहीं फार उज्ज्वल नव्हता. परंतु पैसा उघड झाला म्हणजे प्रश्न सुटला, असेंहि नव्हे.

इतक्या इतिहासावरून एवढें म्हणतां येतें. मैदान तरुणाला शील देत नाहीं. शील दाखविण्याची वेळ तें त्याच्यावर आणतें, आणि तीहि चारचौघांच्या देखत. ती वेळ साधेल कीं चुकेल, हें खेळाडू, नियम करणारे आणि भोंवतालचे लोक या तिघांवर अवलंबून असतें. म्हणूनच कॉलेजच्या संघावर प्रेम करणारा प्रेक्षक हा निव्वळ बघ्या नव्हे. कोणत्या गोष्टीस टाळी द्यावी, कोणत्या गोष्टीची लाज वाटावी आणि कोणाचें नांव विसरूं नये, हें तोच ठरवितो. मिनिआपोलिसच्या मैदानावरील त्या सामन्यांतले गुण आज कोणास आठवत नाहींत. परंतु एम्सला सामना ठरला कीं, स्थळ सांगतांना प्रत्येकाच्या तोंडीं जॅक ट्राइसचें नांव येतें. विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनीं मिळविलेला विजय तो हाच.